घडी न मोडलेलं कांबळं

वस्तुसंग्रहालयात नोकरी करणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी याव्या लागतात. एक, धूळ झाडणं आणि दुसरी, 'असावा' म्हणणं. जमिनीतून निघालेली वस्तू म्हणजे दिवा असावा, खेळणं असावं, आणि अगदीच काही डोक्यात शिरलं नाही तर विधीचा भाग असावा. आपल्या या माणसाने वीस वर्षं हेच केलं होतं आणि त्यात तो चांगला मुरला होता. त्याच्या ताब्यातल्या कपाटांत सव्वाचारशे वस्तू होत्या आणि प्रत्येकीखाली त्याच्या वळणदार अक्षरातली पाटी होती.

त्यांतली एक त्याची लाडकी. तळहातात मावेल एवढी भाजक्या मातीची चकती, वर दोऱ्यासाठी भोक, मधोमध अंगठ्याचा ठसा. ठशाला खेटून एक बारीक खळगा, आणि ठशावरून खिळ्याने ओढलेली आडवी काट. चकती आठशे वर्षांपूर्वीची होती. ती एका ओढ्याच्या काठी हाडांच्या गळ्यात सापडली होती. खोदणाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की हाडं बारीक चणीची आहेत, बाईची की पुरुषाची ते सांगता येत नाही, उजवा पंजा मिळाला नाही, मनगटाकडचं टोक गोलसर आहे. आपल्या माणसाने ठशाचा आकार बघितला, तो लहान होता, आणि पाटी लिहून मोकळा झाला. 'तरुण बाई. गावाने बाहेर काढलेली असावी. पंजा जनावराने नेला असावा. मनगटाचं टोक पाण्याने झिजलं असावं.' मग तो चहा प्यायला गेला.

पुढे काळात मागे जाण्याचं यंत्र निघालं आणि वशिला, अर्ज, पुन्हा अर्ज असं करत त्याचा नंबर लागला. ज्या गावच्या मातीची ती चकती होती त्या गावात चार दिवस. यंत्रवाल्यांनी त्याच्या हातात तांब्याचं कडं घातलं आणि बजावलं, "चौथ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं की जिथे उतरलात तिथेच उभे राहा. कडं तापेल आणि तुम्ही इथे याल. एकदाच तापतं ते. आणि हो, काही बदलायला जाऊ नका, बदलत नाही. तुम्ही तिकडे गेलात तर तुम्ही तिकडे गेलेलेच होतात." हे शेवटचं वाक्य त्याने नीट ऐकलं नाही. त्याचं लक्ष कड्याकडे होतं.

तो उतरला तो गावाबाहेरच्या मातीच्या खाणीत. तिथून ओल्या मातीचा माग धरून चालत गेला तर थेट भट्टीपाशी पोचला.

भट्टी म्हणजे अख्ख्या गावाची एकच. पडवीएवढी लांब, विटांची, पाठीला कमान. वर्षातून एकदा पेटायची आणि तिच्यात गावातल्या प्रत्येक घरचे रांजण, मडकी, तेलाच्या बुधल्या एकत्र भाजल्या जायच्या. थंडीभर धान्य राहायचं ते त्या रांजणांत. रांजण नसेल तर उंदीर, आणि उंदीर असतील तर गाव चैत्र बघणार नाही, इतका साधा हिशेब होता. भट्टीकाराने त्याला पहिल्याच दिवशी तो समजावून सांगितला. भट्टीकार म्हातारा होता, हातापायाने धड, पण डोळे गेल्यात जमा. चाळीस वर्षं आगीत बघून ते पांढुरके झाले होते.

"लांबून आलात म्हणता, भट्ट्या बघत हिंडता म्हणता, बघा," म्हातारा म्हणाला. "लाकडं वाहायला हातही लावा, पुण्य लागेल. पण हे दगड दिसतात ना, ही ओळ? हिच्या आत परक्याने यायचं नाही. आगीला परका हात लागला तर तो हात त्याच आगीत जातो. माझ्या आज्यापासूनचं आहे हे. असाच एक पाहुणा आला होता, त्याने भट्टी घालवली, आणि त्या थंडीत निम्मं गाव गेलं."

"मी ओळीबाहेरच राहीन," आपला माणूस म्हणाला. तो त्यांची भाषा तीन वर्षं शिकून आला होता आणि पोथी वाचावी तशी बोलत होता. गावाला त्याची मोठी गंमत वाटली. अंगापिंडाने तो आधीच काटकुळा, त्यात लाकडाची मोळी उचलताना असा काही डुलला की बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि दुपारपर्यंत त्याचं नाव काडीपैलवान पडलं. त्याला राग आला नाही. इतकी माणसं एकदम त्याच्याकडे बघून हसली त्याला किती वर्षं झाली होती, ते त्याचं त्यालाच आठवेना.

भट्टीची राखण म्हाताऱ्याची सून करणार होती. यंदा पहिल्यांदाच. तिचा नवरा गेल्या वर्षी खाणीत माती अंगावर येऊन गेला, म्हाताऱ्याचे डोळे हे असे, म्हणून घरात उरली ती आणि तिची दीड वर्षाची पोर. वय बाविशीच्या आसपास, बोलणं कमी, हात मात्र सतत चाललेले. राखण म्हणजे भट्टीच्या पोटाला एक भोक असतं, त्याला म्हणायचे डोळा, त्या डोळ्यातून आगीचा रंग बघत राहायचं आणि रंगाप्रमाणे लाकूड घालायचं. रंग नव्या तांब्याच्या भांड्यासारखा हवा. त्याहून काळवंडला तर कच्चं राहतं, लोण्यासारखा फिका झाला तर माती वितळून बसते. आणि बघताना दर वेळी ती डोक्यावरून एक काळं जाड कांबळं घ्यायची, पार छातीपर्यंत, आणि कांबळ्यातच वाकून डोळ्याला डोळा लावायची.

हे कांबळं त्याने ओळखलं. त्याच्या कपाटात याच गावचा एक रांजण होता, त्यावर असंच काळं डोकं असलेली आकृती होती. पाटी त्यानेच लिहिली होती. 'अग्नीपुढे नम्र होण्याचा विधी असावा.' आता समोर प्रत्यक्ष बघताना त्याची छाती फुगली. बरोबर निघालं आपलं, असं त्याला वाटलं.

भट्टी पेटवण्याआधी राखणदाराने ओल्या मातीच्या चकतीवर अंगठा उठवायचा आणि ती चकती भट्टीच्या तोंडाशी भाजायला ठेवायची, अशी रीत होती. भाजून निघाली की राखणदार ती घरच्या दारावर टांगत असे; भट्टी गेली तर तिच्यावर काट ओढून ती राखणदाराच्या गळ्यात घालत आणि त्याला गावाबाहेर काढत. सुनेने अंगठा उठवला, इतक्यात कडेवरच्या पोरीने वाकून त्याच ओल्या मातीत आपलं बोट खुपसलं. म्हाताऱ्याला ते बोटांनी चाचपून कळलं.

"झालं," तो म्हणाला. "यंदा दोघी राखणदार. राहू दे तसंच."

सगळे हसले. आपला माणूस हसला नाही. ओळीबाहेर मोळी खांद्यावर घेऊन तो उभा होता आणि तो बारीक खळगा त्याने वीस वर्षं काचेतून बघितला होता. पाटीवर त्याने त्याला 'शोभेचं चिन्ह' म्हटलं होतं. या चकतीवर काट पडायची होती. म्हणजे भट्टी जाणार होती. आणि ओढ्यात सापडलेली ती हाडं या मुलीची होती, जी आत्ता पदराने पोरीचं चिखलाचं बोट पुसत होती.

नसत्या भानगडीत पडू नकोस, असं त्याने स्वतःला बजावलं. दोन दिवस बजावत राहिला.

तिसऱ्या दिवशी शेवटची आच होती. दिवसभराची, सगळ्यांत नाजूक. म्हातारा दोन रात्रींचा जागा होता, तो लाकडांच्या आडोशाला जो आडवा झाला तो घोरायला लागला. बाकीचं गाव शेतांवर होतं. सून सकाळपासून डोळ्याशी होती आणि दुपार कलायला लागली तेव्हा गल्लीच्या टोकाच्या घरातून पोरीचं रडणं ऐकू यायला लागलं. पोरगी रात्रीपासून तापाने फणफणली होती. तिला शेजारच्या म्हातारीजवळ निजवलं होतं आणि ती पाण्याचा थेंबही घेत नव्हती.

आपला माणूस ओळीबाहेरून बघत होता. सुनेचे डोळे लाल झाले होते, उभ्या उभ्या तिला पेंग येत होती. रडणं वाढलं की ती गल्लीकडे मान वळवायची आणि पुन्हा भट्टीकडे. आता ही चुकणार, त्याच्या मनात आलं. इथेच चुकणार आहे ही. झोपेने नाहीतर काळजीने. आणि आपण इथे दगडाच्या ओळीपलीकडे हाताची घडी घालून बघत बसणार, आणि परत जाऊन पाटी पुसून काचेवर हात फिरवणार.

तो ओळ ओलांडून आत गेला.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "तिला घ्या, पाजा, शांत करा. तेवढा वेळ मी बघतो. मला रंग कळतो. मी पुष्कळ भट्ट्या बघितल्यात."

"मामंजींना उठवते."

"त्यांना काय दिसणार आहे? कोणी येत नाही इकडे. जा तुम्ही."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग गल्लीकडे. आईचं मन होतं ते, किती ताणणार. कांबळ्याची तिने घडी घातली आणि ते डोळ्याशेजारच्या दगडावर ठेवलं.

"हे डोक्यावरून घ्या," ती म्हणाली. "घेतल्याशिवाय बघू नका. तांब्याचा रंग. घालायचं झालं तर एकच लाकूड, मग थांबायचं."

"हो, हो," तो म्हणाला.

ती पळत गेली.

आता जे झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही, आणि घडायलाही लागला नाही. ऊन रणरणत होतं. भट्टीची धग अंगाला चटके देत होती. कांबळ्याला बोकडाचा वास येत होता. त्याने ते हातात धरलंसुद्धा नाही. तो आगीपुढे नम्र होण्याचा विधी होता, आणि इथे कोणी बघायला नव्हतं. त्याने डोळ्याशी डोळा नेला. रंग काळपट लाल दिसला. काळवंडली, असं म्हणून त्याने एक लाकूड सारलं. थांबला. पुन्हा बघितलं, अजून लालच. आणखी एक घातलं. मग दोन. त्याने पुस्तकांतून आकडे पाठ केले होते, कोणत्या रंगाला किती उष्णता, आणि तो मनातल्या मनात ते आकडे म्हणत लाकूड घालत राहिला. आपण तिची भट्टी वाचवतो आहोत या कल्पनेने त्याला भरून आलं होतं, तेही सांगितलं पाहिजे.

सून परत आली ती पोरीला खांद्यावर टाकूनच. पोरगी झोपली होती. तिने एका हाताने कांबळं उचललं, झटकलं, डोक्यावरून ओढलं आणि वाकली. लगेच मागे झाली. चेहऱ्यावर रंग राहिला नव्हता.

"किती घातलीत?"

"आठ. नऊ असतील. काळवंडली होती."

तिने कांबळ्याकडे बघितलं, मग त्या दगडाकडे, जिथे तिने घातलेली घडी होती तशी तिला मिळाली होती. मग वर सूर्याकडे बघितलं. त्या एका नजरेसरशी त्याला सगळं कळलं. उजेडात आग मंद दिसते. लख्ख उन्हात उभं राहून भोकातून बघितलं तर लोण्यासारखी आगही लालच दिसणार. कांबळं अंधार करायला होतं, बाकी कशालाही नव्हतं. कोणत्याही पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

संध्याकाळच्या आत कमान बसली. आतून आधी दबका आवाज आला, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा, मग आणखी एक, आणि मग विटा आत गेल्या. म्हातारा उठून धावत आला, आवाज ऐकून तिथेच खाली बसला आणि दोन्ही हात जमिनीवर टेकून तसाच राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी अख्खं गाव भट्टीपाशी जमलं. दीडशेवर भांडी होती, त्यांतली अकरा धड निघाली. बाकीची एकमेकांत चिकटून बसलेली, तोंडं वाकडी झालेली. बायका आपापलं भांडं ओळखायचा प्रयत्न करत होत्या आणि ओळखता येत नव्हतं. भट्टीच्या तोंडाशी असलेली चकती मात्र उत्तम भाजली होती.

गावात तेलिणीचा शब्द शेवटचा. तेलीण पन्नाशीची, रुंद खांद्यांची, तीन लेकरं थंडीत गमावलेली बाई. तिने आरडाओरडा केला नाही. केला असता तर आपल्या माणसाला बरं वाटलं असतं.

"राखण कोणाची?" तिने विचारलं.

"माझी," सून म्हणाली.

"झोपलीस?"

"रंग चुकला."

"मधे कोणी आलं होतं? कोणी हात लावला?"

आपला माणूस गर्दीत मागे उभा होता. सुनेने मान वर केली नाही.

"कोणी नाही," ती म्हणाली.

आणि तो गप्प बसला. तोंड उघडायला किती वेळ लागतो? एक शब्द पुरला असता. त्याने उजवा हात कांबळ्यासारखा छातीशी घडी करून धरला होता आणि त्याची बोटं त्याने काखेत दाबली होती, जणू कोणी आत्ताच ती मागणार होतं. आयुष्यात त्याला स्वतःची लाज पुष्कळदा वाटली होती, पण ती सगळी मिळून या एका गप्प बसण्याच्या पासंगाला पुरली नसती.

तेलिणीने खिळा घेतला आणि चकतीवर काट ओढली. मातीवर लोखंड घासल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "ऊन डोक्यावर यायच्या आत नदीपार," ती म्हणाली. "चकती गळ्यात राहील. पोर भट्टीची आहे, पोर इथे राहील. मला हे गोड लागत नाही, पोरी. पण थंडीत ज्यांची जातील त्यांना मी काय सांगू?"

गर्दी पांगली. तो सुनेच्या घरी गेला तेव्हा ती गाठोडं बांधत होती. एक लुगडं, थोडं पीठ, पोरीचं झबलं. झबलं तिने आत ठेवलं, बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं. पोरीचा ताप उतरला होता आणि ती जमिनीवर बसून वाकड्या मडक्याचं एक खापर आपटत होती.

"तुम्ही का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"सांगून काय? तुमचा हात गेला असता आणि राखण सोडली म्हणून मी गेलेच असते. एकाने भागतं तिथे दोघं कशाला?" ती गाठ मारत म्हणाली. मग जरा थांबली. "घडी तशीच होती."

"मला वाटलं ती नुसती रीत आहे."

"रीतच आहे," ती म्हणाली. "बघायची."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग आणायला लागते तेवढीही ताकद तिच्यात उरली नव्हती बहुतेक. "पोरीला तुमच्याकडे बघून हसू येतं," ती म्हणाली. "आहात तोवर जरा तिच्यापाशी बसा. मी निघाले की रडेल."

त्याने हो म्हटलं, आणि तिथून उठून सरळ मातीच्या खाणीकडे चालू लागला.

हे असंच झालं, यात मी तरी काय करू? चांगला माणूस होता, पण घाबरला होता. खाणीच्या तळाशी तो उभा राहिला. सावली आखडत पायाशी आली होती आणि मनगटावरचं कडं कोमट व्हायला लागलं होतं. त्याने मनाशी पुष्कळ मुद्दे काढले. झालेलं बदलत नाही, हे यंत्रवालेच म्हणाले होते. ती जाणार होती आणि गेलेलीच होती, आठशे वर्षांपूर्वी, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी. तिची हाडं त्याने स्वतः पेटीत रचली होती. हाडं बारीक चणीची. गळ्यात चकती. उजवा पंजा नाही.

उजवा पंजा नाही.

त्याने कड्याच्या हाताकडे बघितलं आणि मग दुसऱ्या हाताकडे. सुनेला गावाने नदीपार घातलं होतं, तिच्या हाताला कोणी बोट लावलं नव्हतं. लावणारही नव्हतं. या गावात हात जायचा तो एकाच गुन्ह्याला, आणि तो परक्याचा. बाईची की पुरुषाची सांगता येत नाही, असं खोदणाऱ्यांनी धडधडीत लिहिलं होतं. तरुण बाई असं ठरवलं होतं ते त्याने, अंगठ्याचा ठसा लहान होता म्हणून, आणि चहाची वेळ झाली होती म्हणून. अख्खं गाव ज्याला काडीपैलवान म्हणून हसलं त्या माणसाला स्वतःची हाडं ओळखता आली नव्हती.

तो खरोखरच खाली बसला.

कडं आता गरम झालं होतं. पळून जायला कोणाची आडकाठी नव्हती. पेटीतली हाडं काही त्याला धरून ठेवायला आली नव्हती, आणि यंत्रवाले चुकत नसतील असं थोडंच आहे, माणसंच ती. तो गेला असता तर काय झालं असतं कोण जाणे. कदाचित त्या पेटीत पंज्यासकट हाडं सापडली असती, लहान अंगठ्याची. आणि त्याला रोज सकाळी साडेदहाला त्या कपाटापुढून जावं लागलं असतं, निवृत्तीला तेरा वर्षं बाकी होती. त्या तेरा वर्षांचं चित्र डोळ्यांपुढे आलं, आणि मग दुसरं आलं, जमिनीवर खापर आपटणाऱ्या पोरीचं, जिच्यापाशी बसतो असं तो सांगून आला होता.

त्याने कडं काढलं, खाणीच्या मातीत ठेवलं आणि वर चढायला लागला. चढताना दोनदा घसरला. मागे वळून बघितलं असतं तर कडं लाल होऊन दिसेनासं झालेलं त्याला दिसलं असतं. त्याने बघितलं नाही. बघितलं असतं तर तो धावत खाली गेला असता, एवढं त्याला स्वतःबद्दल माहीत होतं.

गावाच्या वेशीपाशी सून उभी होती, पाठीला गाठोडं, गळ्यात चकती. तेलीण आणि चारदोन माणसं तिला नदीपर्यंत पोचवायला निघाली होती. म्हातारा पोरीला घेऊन उभा होता आणि पोरगी आईकडे हात टाकून रडत होती.

"आग मी घालवली," आपला माणूस म्हणाला. धापा टाकत असल्यामुळे त्याला ते दोनदा म्हणावं लागलं.

सगळे वळले.

"काल दुपारी मी हिला सांगितलं की तुला मामंजी बोलावतायत. ती म्हणून गेली. त्यांनी बोलावलंच नव्हतं. मग मी ओळीच्या आत गेलो, नऊ लाकडं घातली. कांबळं न घेता बघितलं."

यात एकच गोष्ट खोटी होती. सुनेने तोंड उघडलं, तो तिच्याकडे न बघता तेलिणीकडेच बघत राहिला.

तेलीण म्हाताऱ्याकडे वळली. "तू बोलावलं होतंस हिला?"

म्हातारा पांढुरक्या डोळ्यांनी कुठेतरी भलतीकडेच बघत होता. पोरीचं डोकं त्याने खांद्यावर दाबून धरलं. "नाही," तो म्हणाला. "मी झोपलो होतो. मी हिला बोलावलं नाही." अक्षर न् अक्षर खरं होतं ते.

"मग तू सकाळी का नाही बोललीस?" तेलिणीने सुनेला विचारलं.

"पाहुणा होता," सून म्हणाली. तिचा आवाज फुटत होता.

तेलीण पुढे आली. मग तिने सुनेच्या गळ्यातली चकती काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. चकती छातीवर आपटली तेव्हा त्याला तिचं वजन कळलं. वीस वर्षांत त्याने ती हातमोजे घालूनच उचलली होती. "हाताचं माहीत आहे ना तुला?" तेलिणीने विचारलं. तो हो म्हणाला. हो म्हणताना त्याचे दात वाजले, आणि ते लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

मोडक्या भट्टीच्या तोंडाशीच आग पेटवली. तिला वेळ लागला. त्याला दगडाच्या ओळीत बसवलं होतं, आणि या वेळी कोणी त्याला बाहेर हो म्हणालं नाही. सून आली आणि त्याच्याशेजारी उकिडवी बसली. तिच्या हातात कांबळं होतं.

"संध्याकाळी मी नदीपलीकडच्या ओढ्यावर येईन," ती हळू म्हणाली. "मामंजींकडे भाजल्याचं औषध आहे, आमच्यात ते लागतंच. रोज येईन. जखम भरते त्याने, टोक गोल होऊन भरते. तुम्ही लांब जाऊ नका."

मनगटाकडचं टोक गोलसर. पाण्याने झिजलं असावं, असं त्याने लिहिलं होतं. त्याला मोठ्याने रडू आलं. हाताच्या भीतीचं थोडं होतं त्यात, पण खरं रडू वेगळंच होतं. जिचं घर तो मोडायला निघाला होता, जिला सकाळी त्याने गर्दीत मागे उभं राहून मरायला सोडलं होतं, ती त्याच्या जखमेचा विचार करत होती.

"मला एकदा बघू द्या," तो म्हणाला.

तिने कांबळं त्याच्या डोक्यावरून घातलं, पार छातीपर्यंत, आणि त्याची मान धरून आगीकडे वळवली. आत अंधार झाला. बोकडाचा वास आला. आणि मग रंग दिसला, नव्या तांब्याच्या भांड्याचा, स्वच्छ, चुकायला जागाच नव्हती. इतकं सोपं होतं ते.

"दिसला?" बाहेरून तिने विचारलं.

"दिसला," तो म्हणाला, आणि कांबळ्याबाहेर उजवा हात काढला.

पाटीवर अजूनही 'तरुण बाई' असंच लिहिलेलं आहे. वळणदार अक्षर आहे, आणि खोडायला तिकडे कोणी परत गेलं नाही.